लेबल झाकलेल्या काचा

आमच्या वर्ध्याच्या प्रयोगशाळेतले एक टेक्निशियन रोज नाचणगावहून एसटीनं येत. उंदरांच्या मेंदूचे केसाहून पातळ काप काढून काचेवर चढवणं हे त्यांचं काम. काप उचलताना ते श्वास रोखत, काचेवर नीट बसला की सोडत.

मी मेंदूतल्या संप्रेरक सोडणाऱ्या पेशींवर पीएच.डी. करत होते. एकदा लेबलं झाकून मी त्यांची परीक्षा घेतली. सूक्ष्मदर्शकातून पेशींच्या फांद्या पाहून ते सांगत गेले, "हे मादी व्हय. हा नर." एकदाही चुकले नाहीत.

मी कौतुकानं माझ्या गाईड सरांना सांगितलं, तर सर वैतागले. "माद्यांच्या पाळीचक्रानं आकडे बिघडतात. काढून टाक त्यांना." मी वाद घातला नाही. मला प्रबंध वेळेत हवा होता.

माद्यांच्या काचा टेक्निशियनकडे धुवायला दिल्या, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, यातून औषध निंगन, ते बायायले नाई देनार काय?"

मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी काचा ॲसिडात बुडवल्या.

पुढे मला तिथंच नोकरी लागली. ते निवृत्त झाले, त्या आठवड्यात मी कपाटातून माझा प्रबंध काढला. पुठ्ठ्यावरच्या शीर्षकात नुसतंच 'उंदीर' छापलेलं होतं. त्या शब्दाच्या आधी, काचांवर नंबर कोरायच्या पेन्सिलीनं, त्यांच्या सुबक अक्षरात कोरलं होतं, 'नर'.

दरवर्षी एखादी नवी विद्यार्थिनी विचारते, "मॅडम, हे कुणी कोरलं?"

"माहीत नाही," मी म्हणते, आणि तिच्यासाठी नर उंदरांची मागणी लिहायला घेते.