पांढऱ्या फडक्याखालचा खाऊ

अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये लहान मुलांना गाणी शिकवायचं काम माझ्याकडे आलं, ते माझा गळा चांगला म्हणून नव्हे. मी सातवी पास होते, लग्न व्हायचं होतं आणि रविवारी दुपारी मला दुसरा उद्योग नसतो, अशी मिशनच्या मडमसाहेबांची खात्री होती.

त्यांनी विलायतेहून एक जाडजूड पुस्तक मागवलं होतं. लहान मुलांचं लक्ष गाण्यात कसं टिकवावं, हे त्यात सविस्तर दिलं होतं. गाण्याबरोबर हातवारे हवेत, मुलांना मधूनमधून उठवावं, घंटी वाजवू द्यावी. सगळं पटण्यासारखंच होतं. फक्त पहिलंच गाणं बर्फ पडण्याचं निघालं. मडमसाहेब बोटं हलवत हात वरून खाली आणत आणि मुलांनीही तसंच करायचं. आमच्या मुलांनी हवेतून पांढरं काही पडताना पाहिलं होतं, ते सरकी काढायच्या जिनातल्या कापसाचं. हात खाली आले की निम्मा वर्ग नाकाला बाही लावून शिंकायचा. मडमसाहेबांनी पुस्तक चाळून पाहिलं. शिंकांबद्दल त्यात काही नव्हतं.

वर्गात मंडळीतली मुलं होती, तशी चर्चमागच्या भाजीच्या वाड्यांमधलीही होती. ती घंटीसाठी येत आणि प्रार्थना सुरू झाली की पसार होत. मोठ्यांच्या उपासनेत या वर्गाला थोडाच वेळ बसवत, तरी तेवढ्यात कोणी रडे, कोणी भांडे. पाळकसाहेब कंटाळले. शेवटी असं ठरलं की पीक आल्यावर होणाऱ्या हंगामाच्या उपासनेला मुलांनी शेवटपर्यंत जागेवर बसून एक गीत नीट म्हणून दाखवावं, नाहीतर हा वर्गच बंद करावा.

बंद करावा, या मताचे पहिले माझे बाबा. ते मिशनच्या शाळेत मास्तर आणि चर्चचा कारभार पाहणारे मंडळीचे वडीलही, त्यामुळे घरी आणि चर्चमध्ये मला एकाच माणसाचा धाक. ज्वारीच्या पोत्यासारखं गप्प बसता येईल तेव्हाच मुलानं उपासनेला यावं, असं ते म्हणत. स्वतः भाजी पिकवणाऱ्या घरात जन्मलेले. तरुणपणी बाप्तिस्मा घेतला आणि मागचे सण, मागची गाणी, मागचं गणगोत सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही. वर्ग बंद झाला की मला अकोल्याला मामाकडे पाठवायचं, हेही ठरलेलं होतं. मामानं तिथे एक कंपाउंडर पाहून ठेवला होता. मी त्याला एकदा पाहिलं होतं, आणि मला ते पुरेसं झालं होतं.

त्यातच भुलाबाईचा महिना लागला आणि माझा वर्ग ओस पडला. वाड्यांतल्या एका पोरीला मी रस्त्यात गाठून विचारलं की तिथे असं काय आहे जे माझ्याकडे नाही. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"तिथं खाऊ ओयखा लागते, ताई. तुमच्या इथं नुसतं म्हना लागते."

भुलाबाईपुढे पोरी गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा आणून खुळखुळ वाजवते. मग गोड की तिखट, भाजलेलं की तळलेलं, असं विचारत पोरी खाऊ ओळखतात, आणि ओळखल्याशिवाय कोणाच्या हातावर दाणा पडत नाही. मला वाटलं, विलायतेच्या जाड पुस्तकात नसलेलं ते हेच.

आईला तिथली गाणी विचारली. ती धान्य पाखडत होती. सुपाच्या तालावर तिनं भुलाबाईची एक चाल गुणगुणून दाखवली. तुझ्या बाबांना सांगू नको, एवढं बजावलं. त्या चालीवर मी आमच्या हंगामाच्या गीताचे शब्द बसवले. रविवारी खाऊचा डबा नेऊ लागले. डबा पाहून पोरं आधीच ओळखतील म्हणून त्यावर पांढरं फडकं टाकायची. वर्ग असा भरला की सतरंजी पुरेना. मडमसाहेब बाहेरून पाहून जात आणि पुस्तकाचा परिणाम दिसू लागला म्हणत.

हंगामाच्या उपासनेला वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, वांगी आणि शेंदूरजन्याची संत्री मांडली होती. मधल्या मेजावर प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस, रिवाजाप्रमाणे पांढऱ्या फडक्याखाली झाकलेले. मी लहानपणापासून ते मेज पाहत आले होते. माझ्या वर्गानं मात्र ते कधीच पाहिलं नव्हतं, कारण प्रभुभोजन फक्त मोठ्यांना मिळतं आणि त्याआधीच त्यांना बाहेर काढत.

मुलं सुरेख गायली. पाळकसाहेबांचा पाय झग्याखाली ठेका धरत होता. गीत संपलं, मुलं मांडी घालून बसली आणि सगळ्यांची नजर त्या पांढऱ्या फडक्यावर खिळली. 

"गोड हाय का तिखट?" पुढची एक चिमुरडी मोठ्यानं म्हणाली.

"भाजलेलं का तयलेलं?" दुसरीनं विचारलं. मग फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे सुरू झाले. एकही मूल जागेवरून हललं नाही, हे मुद्दाम सांगते. पाळकसाहेब पांढरे पडले. मला अकोल्याचा कंपाउंडर डोळ्यांपुढे दिसू लागला.

मडमसाहेब मराठी पुण्याच्या पंडिताकडे शिकल्या होत्या. आमची मराठी त्यांना कळत नसे. त्यांनी बाबांकडे वळून विचारलं, मुलं काय म्हणतात?

बाबा उभे राहिले. कान लाल झाले होते. वर्ग बंद करायला त्यांना याहून चांगली संधी मिळणार नव्हती. ते शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "देवाने आपल्यासाठी काय ठेवले आहे, असे मुले विचारत आहेत."

मडमसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. मग मुलांना उत्तरही तुम्हीच द्या, असा आग्रह धरला. बाबा मेजापाशी गेले, घसा खाकरला.

"गोड हाय," ते मुलांना म्हणाले. "पन मोठं झाल्यावर भेटते."

मुलांना ते पटलं. वर्ग तिथल्या तिथे कायम झाला. मडमसाहेबांनी पुस्तकाचे गुण सर्वांना सांगितले.

 घरी जेवणं झाली, तरी मला बोलणी बसली नाहीत. हात धुऊन आल्यावर बाबा म्हणाले, "वर्ग चालू दे. डबाबी नेत जाय. पन ते चाल बदल."

मी वादाला तयारच होते. चालीला धर्म नसतो, शब्द तर आपलेच आहेत, असं बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"धर्माचं नाही म्हनून राहिलो मी. माही बहीन म्हने ते गानं. डबा मी वाजवो. ते ऐकलं का मले प्रार्थना करता येत नाही."

आई खाली मान घालून ताटं उचलू लागली. मला आत्या आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग आईनंच सांगितलं, ती बडनेऱ्याला राहते. आमच्या घरापासून पहाटे चालत निघालं, तर तिच्याकडची भाजी घेऊन जेवायच्या आत परत येता येईल, एवढंच ते अंतर होतं.