वऱ्हाडाला पुरलेली जिलबी

मंजुषा बॅग घेऊन बोरगाव मेघेत ऑटोतून उतरली की गल्लीत एकच प्रश्न: "काऊन वं, सुटली का नोकरी?" आता सुटायला ती मुळात लागलेली तर हवी! कुठे पूर आला, भूकंप झाला, की परदेशातल्या मदत संस्था तिला दोन-चार महिन्यांच्या करारावर बोलवत. हजारो माणसांना रेटारेटी न होता अन्न कसं पोचवायचं, हे ती ठरवून द्यायची. काम संपलं की घरी. ना ऑफिस, ना साहेब, ना पेन्शन. तिचे बाबा, बबनराव, चारचौघांत सांगत, "मोठी घरीच असते." हे तिला फार झोंबायचं. नेपाळपासून मोझांबिकपर्यंत लोक तिचं ऐकतात, आणि बापाला तिचं काम एका वाक्यात सांगता येऊ नये!

धाकट्या रुचिकाच्या लग्नाला गिरडहून वऱ्हाड आलं, ते ठरल्याच्या दुप्पट. गाड्या पाहून बबनराव मांडवाच्या खांबालाच टेकले. "मंजू, जेवण पुरत नाई वं. इज्जत गेली आपली."

मंजुषाच्या अंगात मात्र वारं शिरलं. हे तर तिचं रोजचं काम! तिने भाताचे नवे हंडे चढवायला लावले, नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या, दोऱ्या बांधल्या आणि वऱ्हाडाला चक्क रांगेत उभं केलं. नवरदेवाची आत्या रुख्माबाई चिठ्ठी उलटीपालटी करून कडाडली, "आमी काय पुरात वाहून आलो का?"

झालं! चिठ्ठ्या चुलीत गेल्या आणि पंगत बसली. भात तर होईल, पण जिलबीचं काय? तेवढ्यात कुणी रुख्माबाईंना दुसरी जिलबी वाढायला गेलं, तर त्यांनी पानावर आडवा हात धरला. "नको वो, बस झालं." पहिली अजून तशीच होती. मंजुषाला तिथेच नाचावंसं वाटलं. आग्रह झाला की आपल्याकडे नको म्हणायचंच असतं, हे ती देशोदेशी फिरून पार विसरली होती.

मग तिने घरातली झाडून सगळी माणसं आग्रहाला लावली. घास तोंडात जातो न जातो तोच परात हजर. "माया गळ्याची शपथ, एक तरी घ्या!" "नाई नाई, पोट फुटते!" शपथा वाढल्या तसे नकार वाढले, पाहुणे हसून हसून बेजार झाले, आणि शेवटच्या पानापर्यंत जिलबी पोचली.

व्याही प्रभाकरराव हात धुऊन आले. "एवढा आग्रह जन्मात नाई पाह्यला. काय करते हो ही तुमची मोठी?"

बबनरावांची छाती फुगली. "कुठंबी जेवण कमी पडलं ना, का देशोदेशीचे लोक हिलेच बोलावतात!" म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

प्रभाकररावांनी रिकाम्या परातीकडे पाहिलं. "म्हंजे मी तीनदा नको म्हटलं, ते..." आणि ते पोट धरून हसत सुटले.

मंजुषाच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. बाबांना सांगता आलं होतं, तेही चारचौघांत.