टोलेमामांचा उशीर

टोलेमामा आयुष्यात कधी उशिरा आले नाहीत. उशिरा यायची ती गाडी. दुपारची एकुलती एक पॅसेंजर. ती दिसली की मामा फलाटावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर दणादण टोले हाणायचे. स्टेशनची घंटा ती हीच. आणि टोले देताना मान खाली घालायचे, जणू इंजिन त्यांच्याच घरचं!

पुढे स्टेशन बंद पडलं. रूळ उचलले, तिकिटाच्या खिडकीला फळ्या ठोकल्या. घंटा मात्र कुणी नेली नाही आणि मागच्या खोलीतून मामा-मामींनाही कुणी हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी मिशीला पीळ दिला आणि वेळापत्रकाबरहुकूम टोले हाणले. जन्मात पहिल्यांदा गाडी वेळेवर!

गावात हाहाकार उडाला. अख्खं गाव घड्याळावर नव्हे, या उशिराच्या टोल्यांवर चालायचं. बेकरीवाल्याने पाव कच्चेच बाहेर ओढले. मास्तरांनी गणिताआधीच शाळा सोडली. न्हाव्याने सवयीने दुकानाला कुलूप घातलं आणि पोस्टमास्तर अर्ध्या मिशीने घरी गेले. संध्याकाळी सगळे तणतणत फलाटावर हजर.

"मामा, उद्या ही घंटाच उतरवतो," पोस्टमास्तर उरलेल्या मिशीनिशी कडाडले.

गाडी गेली ते मामांनी कसंबसं सोसलं होतं. टोलेही गेले तर स्वतःला टोलेमामा तरी कोणत्या तोंडाने म्हणवून घ्यायचं?

"अहो, गाडी येत नाही म्हणून उशीरसुद्धा व्हायला नको का?" मामी म्हणाल्या. "थोडं थांबून वाजवा."

"मी मुद्दाम उशीर करू? मी?"

"तुम्ही नका करू. गाडीला करू द्या."

हे मामांना पटलं. दुसऱ्या दिवशी हिरवा झेंडा काखेत मारून ते बाकावर बसले. रूळ होते तिथल्या गवताकडे डोळे लावले, येरझाऱ्या घातल्या, गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डोकं पुरतं फिरलं तेव्हा ताडकन उठून टोले दिले. पाव खरपूस निघाले, पोरांना गणित चुकलं नाही, आणि घंटा जागेवर राहिली.

फटका बसला तो मामींना. स्टेशन बंद झालं त्या दिवशी, नवरा आता तरी गरम जेवेल म्हणून त्या मनातून हरखल्या होत्या. आता रोज दारातून हाक मारतात, "येताय ना जेवायला?"

"अगं, गाडी तर येऊ दे!"

मामी त्या न येणाऱ्या गाडीला चार शिव्या हासडतात आणि ताटावर झाकण ठेवतात.