सर्व्हर बदलतोय, सगळ्यांनी वाचावं

अशा गोष्टी कोणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या ऑफिसात त्या आपोआप साठल्या. आता कोणी हसत हसत सांगायला लागलं की मला राग येतो. तरी सांगतो.

श्रीवर्धनला सुपारीच्या गोदामावर आमचं छोटंसं ऑफिस. मच्छीमारांना वाऱ्याचा इशारा देणारं अ‍ॅप आम्ही बनवतो. सगळ्यांनी लिहिलेला कोड एकाच सर्व्हरवर जोडला जातो, त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. बिल्ड अडलं की दुरुस्ती बोटींपर्यंत पोचत नाही. सर्व्हर सांभाळतो मंदार. त्यात काही बदलायचं असेल तर सगळ्यांना आधी सांगायचं, एवढंच त्याला जमत नव्हतं!

*

एकदा बिल्ड सकाळीच बंद पडलं. हर्षदा आमच्यातली सगळ्यात हुशार, भरडखोलच्या कोळीवाड्यातली. आपलंच काहीतरी चुकलं समजून तिने दिवसभर चांगला चालणारा कोड खोडून पुन्हा लिहिला.

संध्याकाळी मंदार म्हणतो, "अगं, सर्व्हर बदललाय! काल सांगितलं होतं मी."

"कोणाला?"

"वडापाव खायला आले होते त्यांना!"

हर्षदाचा काल उपास होता.

*

मग साहेबांनी फर्मान काढलं, ग्रुपवर लिहून कळवायचं. मंदार कळवू लागला. प्रत्येक बदलापुढे एकच शब्द, "किरकोळ". या किरकोळ बदलांनी आमची कामं ठप्प व्हायची. साहेब भडकले तर हा शांतपणे म्हणतो, "मोठा बदल लिहिलं की तुम्ही नको म्हणता!"

*

पुढचा नियम आला, ग्रुपवर सगळ्यांचा अंगठा आल्याशिवाय सर्व्हरला हात लावायचा नाही. अंगठे धडाधड यायला लागले. मंदारला संशय आला. त्याने लिहिलं, "उद्या सर्व्हर जीवना बंदरात बुडवणार आहे. हरकत असल्यास कळवा."

सगळ्यांचे अंगठे! साहेबांनी तर हात जोडले.

आम्ही पोट धरधरून हसलो. मंदार हसला नाही. "खरंच काही सांगायचं असेल तेव्हा कसं सांगू?" एवढंच म्हणाला.

*

गणपती झाल्यावर मंदारने लिहिलं, "उद्या दुपारपर्यंत बिल्ड बंद. कोणाला अडचण?" सगळ्यांचे अंगठे आले, हर्षदाचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदाला दिसलं, अ‍ॅप कालचाच अंदाज आजचा म्हणून दाखवतंय. वारा नाही, समुद्र शांत. खिडकीबाहेर माड वाकत होते. तिने चूक शोधली, दुरुस्तही केली आणि बिल्डला लावली. बिल्ड बंद.

"मंदार, चालू कर रे! बाबा आनि दादूस समुद्रात हायेत!"

मंदार म्हणाला, "अर्धा सर्व्हर काढून ठेवलाय गं. दुपारशिवाय काहीच होणार नाही."

तिने बाबांना फोन लावला. लागेना. ती तशीच बंदराकडे पळाली आणि तिच्यामागे आम्ही.

बाकीच्या बोटी केव्हाच परतल्या होत्या. तिच्या बाबांची सगळ्यात शेवटी आली. खलाशी उतरले, बाबा उतरले. तिचा मोठा भाऊ उतरला नाही.

हर्षदा रिकाम्या बोटीकडे बघत राहिली. बाबांनी तिचा हात धरला.

"सगल्या बोटी आभाल बघून फिरल्या, बाय. दादूस बी बोलला, बाबा, फिरू. मीच बोललो, न्हाय रे, बायचं अ‍ॅप बघ, वारा न्हाय."