माहीत नाही मॅडम

जीपमधून खोकी घेऊन उतरलेल्या बाईंना मी बियाणं कंपनीच्या समजलो आणि नमस्कार न करताच भांडायला लागलो. त्या साली बीटी कपाशीच्या बोंडांतही गुलाबी अळी निघत होती. खिशातलं किडकं बोंड मी त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे काय देलं तुम्ही आम्हाले?" बाईंनी बोंड उलटंपालटं करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "माहीत नाही." मग खोक्यातून कॅमेरा काढला. त्या आमच्या मठातली जुनी भित्तिचित्रं तपासायला आल्या होत्या. त्यांच्यासाठी मठाचं दार उघडून उभा राहणार होता तो चिटणीस, म्हणजे मीच.

भिंत किती जुनी, घोड्यावरचा माणूस कोण, पाऊस पुन्हा येईल का, काहीही विचारा, मॅडम आधी "माहीत नाही" म्हणायच्या. गावानं तेच नाव ठेवलं. पानठेल्यावर चर्चा असे, "एवढी शिकली बाई, अन् मालूम काहीच नाही." हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या खूश झाल्या. "चांगलं नाव आहे. टिकवायला हवं."

त्यांची कामाची रीत अशी. भिंतीच्या एकेका तुकड्याचे वेगवेगळ्या उजेडात फोटो काढायचे. गेरू, नीळ, काजळ, हरताळ, प्रत्येक रंग उजेड आपापल्या तऱ्हेनं परत देतो. असे हजारो नमुने दाखवून त्यांनी कॉम्प्युटरला रंग ओळखायला शिकवलं होतं. भिंत न खरवडता तो सांगे, इथं गेरू, तिथं नीळ. मी शहाण्यासारखी मान हलवायचो. मला समजायचं ते एवढंच की चहा गार होतोय.

चित्रांच्या खाली, खुंट्या सोडल्या तर, कोरी भिंत होती. कॉम्प्युटरनं तिथं हरताळ दाखवला. हरताळ पिवळा असतो आणि तिथं पिवळं काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "याला उत्तरं तेवढी शिकवली, म्हणून हा जवळचं नाव ठोकून देतो. 'माहीत नाही' म्हणणं शिकवायचं राहिलं." पुढचे काही दिवस त्या तेच करत बसल्या. जिथं खात्री नाही तिथं पडद्यावर राखाडी रंग यायचा, असं ठरलं.

मग राखाडी येऊ लागला. रोज नवा तुकडा जोडला की थोडा आणखी. आठवड्याअखेरीस अख्खी भिंत पडद्यावर जुळली आणि वर घोडे, पालख्या, मोर, अन् खाली राखाडी माणसांची रांग उभी राहिली. खांदे होते, लोंबत्या बाह्या होत्या, डोकी नव्हती. त्यांच्या पायाशी एक सलग राखाडी पट्टा, जमिनीपासून हातभर उंच.

माझी बायको अंगणवाडी सेविका. अंगणवाडीचं छत गळत होतं म्हणून लेकरं मठातच बसायची. तिनं पडदा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "हे तं कपडे हायेत. खुट्यांवरचे." फवारणी करून आल्यावर विषाचे कपडे कोणी घरात नेत नसे. घरी लेकरंबाळं. म्हणून सारे पुरुष मठात कपडे टांगत, आणि ज्याची खुंटी त्याची. तिसऱ्या खुंटीखालचा सर्वांत रुंद माणूस मी होतो.

ओले कपडे जिथं निथळत, त्या खालच्या पट्ट्याला सकाळी लेकरं पाठ टेकून बसत. महिनाभर त्यांतली काही मलूल होती. लाळ गळायची, डोळ्यांतून पाणी यायचं. आम्ही जंताच्या गोळ्या देत होतो.

"हे विषच आहे का?" सरपंचांनी विचारलं.

"माहीत नाही. नमुना तपासायला पाठवते. तोवर लेकरं इथं नकोत."

"मंग माहीत नाही तं लेकरं काऊन उठवता?"

"माहीत नाही म्हणूनच."

सरपंच हसले. कोणीतरी म्हणालं, बाईले चित्रांसाठी मठ खाली करून पायजे. मी सरपंच आणि मॅडम, दोघांकडे पाहून मान हलवत होतो, मठाच्या चिटणिसाला तेवढंच जमतं. तेवढ्यात बायकोनं सतरंजी गुंडाळली. एक लेकरू कडेवर, बाकीची मागं, अशी ती विहाराकडं निघाली. तिनं आधीच निरोप धाडला होता, तिथल्या लोकांनी खोली झाडूनच ठेवली होती.

नमुन्याचा निकाल फोनवर आला, तेव्हा मॅडम सामान बांधत होत्या. फवारणीचंच औषध. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माहीत होतं, आणि त्यांना ते अजिबात आवडलेलं दिसलं नाही. बहुतेक लेकरं सावरली होती. एकाला बुलढाण्याला न्यावं लागलं होतं, त्याचा हात अजून थरथरत होता. भिंत कधी साफ करणार, असं मी विचारलं. "टांगणं थांबलं की कळवा," म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या. त्यांना कळवण्यासारखं आमच्याकडे कधी काही झालं नाही.

जीप अमडापूरच्या वाटेला लागली तसा मी हायसं वाटून म्हणालो, "चला, वाचली लेकरं." दुपारी माझी फवारणी होती, पंप दारात भरून ठेवला होता. बायकोनं पंपाकडे पाहिलं, मग माझ्या सदऱ्याकडे.

"आज हे कुठं टांगसान?"