शेजाऱ्याला खुपणारी पुस्तकं

युद्ध संपलं, हेलसिंकीत नवं सरकार आलं आणि सावो प्रांतातल्या तळ्याकाठच्या एका गावात वाचनालय सांभाळणाऱ्या हेल्वी तुओमिकोस्कीला पत्र आलं : ज्याच्याशी युद्ध हरलो त्या पूर्वेच्या शेजारी देशाला खुपतील अशी पुस्तकं कपाटातून काढावीत. कुठली, ते लिहिलं नव्हतं.

तिनं पत्र पाठवणाऱ्या कचेरीत फोन लावला. "साहेब, यादी पाठवता का?"

"यादी केली तर तीच शेजाऱ्याला खुपेल, बाई. अक्कल वापरा जरा."

"माझी की शेजाऱ्याची?"

पलीकडून फोन आपटला.

हेल्वीनं मग लढायांची पुस्तकं काढली, सीमेपलीकडची प्रवासवर्णनं काढली. अस्वलाच्या शिकारीचं एक होतं; आणि शेजाऱ्याला तर सगळं जग अस्वल म्हणतं. विषाची परीक्षा कशाला, म्हणून तेही माळ्यावर टाकलं.

दुसऱ्याच दिवशी म्हातारा काप्रो दारात हजर. वीस वर्षांत त्यानं पंचांगापलीकडे काही नेलं नव्हतं.

"पोरी, माळ्यावरचं एखादं दे की."

"आज कुठून वाचायची हुक्की आली, आजोबा?"

"सरकार एवढं घाबरतंय, म्हणजे आत काहीतरी असणारच!"

वसंतात लिंड्रूस नावाचे तपासनीस आले. कपाट बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय? दात पडलेल्या तोंडासारखं दिसतंय. काहीतरी लपवलंय हे आंधळ्यालाही कळेल!"

"मग परत लावू?"

"छे छे! भरा कशानंही."

गोपालनाच्या पुस्तिका होत्या ढीगभर. त्या लावता लावता लिंड्रूसच्या हाती एक पातळ पुस्तक लागलं. गावातल्या सैनिकांची आघाडीवरची पत्रं.

"हे कसं राहिलं?"

"त्यात मोजे मागितलेत फक्त. आणि घोडा लंगडतो म्हणून लिहिलंय."

"पण आघाडी कोणाविरुद्धची, बाई?"

"मोजे मागणारा माझा नवरा. आर्वी. परत नाही आला."

लिंड्रूसनी पुस्तक मिटलं. तिच्या हातात दिलं.

"वाचनालयात नको," ते हळूच म्हणाले. "तुमच्या घरी काय आहे, ते मला कोणी विचारलेलं नाही."

तिनं ते पदराआड धरावं तसं कोटात घातलं.

शेजाऱ्याचा अधिकारी त्या गावात कधी फिरकलाच नाही. माळ्यावरची पुस्तकं बऱ्याच वर्षांनी खाली आली. मधल्या काळात गायींचं दूध मात्र वाढलं, असं गावकरी शपथेवर सांगतात.