तेरला ब्रेक नसतो

फिजिक्स शिकवणाऱ्या बाईकडे किस्से साठायला वेळ लागत नाही. तमिळ शिकवणारी आमची सेल्वी टीचर म्हणते, "माझ्या तासाला मुली झोपतात, तुझ्या तासाला घाबरतात. आणि घाबरलेली माणसं काहीही बोलून जातात." खरं आहे तिचं. कुंभकोणमच्या या मुलींच्या शाळेत मी इतकी वर्षं शिकवतेय, पण दर वर्षी कुणीतरी असा प्रश्न टाकते की हातातला खडू हातातच राहतो. वर्गात तमिळ, पुस्तकात इंग्रजी, आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायचं ते आमच्या तंजावरी मराठीत, जी ऐकून पुण्याचे पाहुणे हळूच हसतात. तुम्हीही हसून घ्या. हे सगळे किस्से एकाच अकरावीचे आहेत.

*

उष्णतेचा धडा चालला होता. मी विचारलं, "कॉफी या पेल्यातून त्या वाटीत उंचावरून ओतली की लवकर का निवते?"

मग रेवती उठली. ही आमची तोंडाळ मुलगी. म्हणाली, "अम्माला घाई असते म्हणून, टीचर."

वर्ग हसला, आणि मी म्हटलं, चला, मोजूनच बघू. एचएम मॅडमची, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांची, कॉफी नुकतीच आली होती, ती उचलली, आणखी एक मागवली. एक तशीच ठेवली, दुसरी वरखाली ओतली, दोन्हींत थर्मामीटर बुडवला. फरक इतका पडला की मुली थर्मामीटर एकमेकींच्या हातातून ओढून बघायला लागल्या. जन्मापासून रोज सकाळी डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट, आणि ती कुणी कधी मोजली नव्हती.

एचएम मॅडम दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "सिद्ध झालं ना? मग आता तिसरी मागवा. ती मी पिणार आहे."

*

घर्षण शिकवायचं तर आमच्या गावात तेर सोडून दुसरं उदाहरण कशाला हवं? तेर म्हणजे देवळाचा लाकडी रथ. दुमजली घराएवढा उंच, दोराला शेकडो माणसं लागतात. पण तेरला ब्रेक नसतो आणि स्टिअरिंगही नसतं. वळवायचा किंवा थांबवायचा झाला तर चाकापुढे लाकडाची मोठी पाचर सारायची. तिला कट्टै म्हणतात. कट्टै सारणारा माणूस चाकापासून हातभर अंतरावर चालतो. त्याचा हात चुकला तर काय होईल हे सांगायची गरज नाही.

मी फळ्यावर चाक काढलं, पाचर काढली, बाण काढले. मागच्या बाकावरून कयल म्हणाली, "आमचे तात्ता कट्टै टाकायचे, टीचर."

कयल कधी बोलत नाही. तास संपल्यावर ती माझ्यामागून व्हरांड्यात आली आणि राहिलेलं तिथे सांगितलं. तिचे तात्ता, म्हणजे आजोबा, न्हाणीघरात पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण ते उठले नाहीत. पुढच्या खोलीत खाट आहे, तिच्यावर ते रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. बोलणं तुटलं, जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, औषध संपलं, आता यांनीच मनावर घ्यायला हवं. शेजारचे म्हणाले, पोंगलनंतर तेर येईल तेव्हा तुम्हाला खुर्चीत बसवून बाहेर नेतो. तात्ता म्हणाले, "खुर्चीत बसून तेर बघायला मी काय पाहुणा आहे?"

"टीचर," कयलने विचारलं, "माणसाला वळवायचं काही फिजिक्समध्ये आहे का?"

मी नाही म्हटलं. आणि दिवसभर मला माझाच राग येत राहिला.

*

लिफ्ट खाली निघाली की वजन कमी भासतं, हे पुस्तकात आहे. पण आमच्या शाळेच्या आसपास लिफ्ट होती फक्त रेशमी साड्यांच्या एका दुकानात. तेव्हा मी निम्मा वर्ग आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन तिथे गेले. सेल्समनने आधी गाद्या झटकल्या. एवढ्या बायका एकदम आल्या म्हणजे लग्नच असणार! साडी नको, लिफ्ट हवी, म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

काट्यावर तांदळाची पिशवी ठेवली. लिफ्ट खाली निघाली आणि काटा क्षणभर मागे सरकला. "परत, टीचर," कुणीतरी पुटपुटलं. परत काटा सरकला. पुस्तकातली ओळ आपल्या डोळ्यांदेखत खरी होते तेव्हा पोरींचे चेहरे कसे दिसतात, ते सांगून कळायचं नाही.

लिफ्ट चालवणारे अण्णा काट्याकडे एकटक बघत होते. म्हणाले, "म्हणजे मी दिवसभर हलका होतोय, आणि मला कुणी सांगितलं नाही?"

आता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, "अम्मा, नीट उभ्या राहा, तुमचं वजन उतरणार आहे." सेल्वी टीचर म्हणते, त्यामुळे दुकानात गर्दी वाढलीय.

*

प्रकाशाचा वेग शिकवायला मला फार आवडतं. मी सांगितलं, आकाशात तिरुवादिरै दिसते, मराठीत तिला आर्द्रा म्हणतात. तिचा जो उजेड आज आपल्या डोळ्यात शिरतो, तो तिकडून निघाला तेव्हा आमचे मराठे अजून तंजावरला आलेसुद्धा नव्हते. शेकडो वर्षं तो वाटेतच होता.

रेवतीचं जन्मनक्षत्र तिरुवादिरै. ती बराच वेळ पेन चावत बसली. मग म्हणाली, "टीचर, म्हणजे उलटंही तसंच ना? इथली बातमी तिकडे जायलाही तेवढाच वेळ?"

"तेवढाच."

"म्हणजे माझ्या नक्षत्राला मी जन्मलेय हे अजून माहीतच नाही?"

मी एवढी वर्षं हा धडा शिकवतेय. हे मला एकदाही सुचलं नव्हतं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. तो तास मी तिथेच सोडला.

*

आमच्या लॅबसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे देवळाचं गोपुर. पोंगलच्या आधीच्या मार्गळी महिन्यातली सकाळ होती, ऊन गोपुरावर लख्ख पडलेलं. मला पडद्यावर व्हिडिओ दाखवायचा होता म्हणून मी म्हटलं, खिडक्या लावून घ्या. जुन्या लाकडी खिडक्या, त्यातल्या एकीला गाठ निघून भोक पडलेलं. खोलीत अंधार झाला आणि समोरच्या भिंतीवर गोपुर उतरलं. पूर्ण रंगांत, मूर्तींसकट, कळस खाली आणि पाया वर. कबुतरं पोटं वर करून उडत होती.

दोघीतिघींनी चपला काढल्या. एकीने हात जोडले आणि मग मला विचारलं, "टीचर, देवाला उलटं करणं पाप आहे का?"

मी म्हटलं, "कुणी उलटं केलेलं नाही. उजेड सरळ रेषेत जातो. वरचा उजेड भोकातून खाली येतो, खालचा वर जातो. एवढंच."

कयल भिंतीजवळ गेली. गोपुर तिच्या गणवेशावर पडलं. तिने भिंतीला हात लावून बघितला आणि विचारलं, "टीचर, हे आमच्या घरी होईल?"

व्हिडिओ राहूनच गेला.

*

कयलचं घर तेरच्या रस्त्यावर, पश्चिमेला दार असलेलं. हे महत्त्वाचं होतं, कारण सकाळचं ऊन घरामागून येऊन तेरच्या आमच्याकडच्या अंगावर पडणार होतं. तेरच्या आदल्या संध्याकाळी मी, कयल आणि रेवती तिथे गेलो. दाराच्या फटींना काळा कागद लावला, झरोक्यात चादर कोंबली, दाराच्या फळीत एक जुनं भोक होतं तेवढं मोकळं ठेवलं. तात्तांनी मान वळवून बघितलंही नाही.

तेरच्या सकाळी देवळाचा सनई-ढोलांचा मेळा वाजायला लागला तशी कयलच्या आईने दार लावलं. अंधार झाला. भिंतीकडे तोंड करून तात्ता म्हणाले, "बरं केलंस. मला ऐकायचंही नाही."

कयलने त्यांच्या पाठीमागे उशा लावल्या आणि खाटेच्या उशाशी उभी राहिली. भिंतीवर आधी रस्ता उमटला, वरच्या बाजूला. त्याला लटकून माणसं चालत होती. समोरच्या घरांची छपरं खाली लोंबत होती. तात्तांचे डोळे उघडे होते. ते हलले नाहीत.

मग तेर आला. रंगीत कापडं, केळीचे खांब, झालरी, सगळं डोकं खाली करून भिंतीवरून हळूहळू सरकत आलं. कळस भिंतीवरून उतरून थेट तात्तांच्या चादरीवर, गुडघ्यांपाशी आला. चाकं वर होती, त्यांच्या डोक्याच्या थोडी वर, आणि फिरत होती.

कयल म्हणाली, "तात्ता, तेर."

"दिसतोय," तात्ता म्हणाले. किती दिवसांनी त्यांनी कुणाला उत्तर दिलं होतं. आणि मग, "फार कडेला आलाय."

त्यांनी उशीवरून खांदा उचलला. हात वर नेला आणि पुढच्या चाकाच्या पुढ्यात पंजा भिंतीवर घट्ट दाबला.

तेर थांबला.

बाहेर मेळा वाजतच होता. दोर ताणलेले दिसत होते, माणसं मागे रेलून ओढत होती, आणि चाकापुढे तात्तांच्या पंजाशिवाय काही नव्हतं. रेवतीने माझा दंड धरला. कयल माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी तेरकडेच बघत राहिले.

तात्तांनी पंजा तसाच ठेवला. म्हणाले, "कयल, दार उघड. आणि मला त्या बाजूला वळव."